पॉइंट टू टू पिस्तूल : मॅगझीन भरताना-लावताना हात अडखळतोय, नाशिककर नेमबाजांनो मार्गदर्शन करा

द्राक्षबाग_पिंपळगाव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पिंपळगाव बसवंतची, वय ३४, घरची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाला नाशिकच्या रेंजवर सोडायला जायचे, तिथे बाकावर बसून बसून कंटाळा यायचा म्हणून सरांनी एकदा एअर पिस्तूल हातात दिलं आणि मुलगा राहिला बाजूला, मीच अडकले त्यात. १० मीटरला आता बऱ्यापैकी बसतंय. या दिवाळीनंतर सरांनी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल सुरू करून दिलं, क्लबचं पिस्तूल, पॉइंट टू टू. राही सरनोबतने २०१८ ला पालेमबांगला शूटऑफमध्ये एशियाडचं सुवर्ण घेतलं ना, तोच हा प्रकार, त्यामुळे मनात आधीपासून ओढ होतीच.

आता अडचण. एअर पिस्तुलात एक छर्रा घालायचा, झाकण बंद, नेम, झालं. इथे पाच राउंडचं, म्हणजे पाच काडतुसांचं मॅगझीन. सर "लोड" म्हणाले की एक मिनिट असतो, आणि त्या एका मिनिटात माझे हात असे थरथरतात की नेम धरायच्या आधीच दम लागलेला असतो. मागच्या रविवारी सराव मॅच होती, रॅपिड स्टेज. लाल दिवा ७ सेकंद, हिरवा ३ सेकंद, एका हिरव्यात एकच गोळी. पहिला हिरवा लागला, हात वर आला, चाप दाबला आणि नुसतं "खट्". मी घाबरून डाव्या हाताने बोल्ट (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा भाग) ओढला, मॅगझीन खालून दाबलं, तोवर दुसरा हिरवाही येऊन गेला. उरलेल्या तीन गोळ्या मारल्या, त्यातल्या दोन नऊमध्ये आणि एक दहामध्ये, म्हणजे नेम काही वाईट नव्हता हो. पण दोन शून्य लागली ती लागलीच. सर म्हणाले मॅगझीन पूर्ण बसलंच नव्हतं, बोल्ट पुढे गेला पण राउंड उचललाच नाही, आणि हा दोष बंदुकीचा नाही, तुझा.

घरी येईपर्यंत नाशिक-पिंपळगाव रस्ता कसा गेला कळलं नाही. तर ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, भरणं, लावणं, काढणं, हे नीट शिकायचं कसं? नेमाबद्दल सगळे बोलतात, याबद्दल कोणी बोलत नाही.

सातपूर_१०मी

ताई आधी अभिनंदन, बागेची कामं सांभाळून रेंज म्हणजे सोपं नाही. मी एअरवालाच आहे त्यामुळे मॅगझीनचं फार सांगू शकत नाही पण हे वाचतोय. जाणकार येतीलच.

खाकी_निवृत्त

ताई, मी पोलीस खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी शस्त्रागारात आणि फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर. नाशिकरोडला असतो. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण अपघात नेमात होत नाहीत, भरताना आणि रिकामं करताना होतात. मी पाहिलेत.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. रिकामं करताना पहिलं मॅगझीन बाहेर, मग बोल्ट मागे, मग डोळ्याने चेंबर, म्हणजे नळीच्या मागची राउंड बसायची जागा, बघायचं. हाच क्रम, कायम. लोक उलटं करतात. आधी बोल्ट ओढतात, चेंबरमधला राउंड उडून बाहेर पडतो, बरं वाटतं, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझीनमधला पुढचा राउंड आत गेलेला असतो, मग मॅगझीन काढतात आणि समजतात रिकामं झालं. नाही झालं. एक राउंड चेंबरमध्ये बसलेला आहे. जवान पोरं, शिकलेली, हे करताना पाहिलीत मी. नळी कायम टार्गेटकडे का ठेवायला सांगतात ते अशा वेळी कळतं.

आता लावणं. तुमच्या स्पोर्ट्स पिस्तुलांत बऱ्याच मॉडेलला मॅगझीन दस्त्यात नसतं, ट्रिगर गार्डच्या पुढे असतं, बरोबर ना? मग डावा हात खालून मॅगझीन वर दाबतो तेव्हा उजव्या हाताचं बोट आपोआप चापावर जातं, पकड घट्ट करायला म्हणून. ते बोट बाहेर, फ्रेमवर सरळ. पिस्तूल बाकावर टेकवून, नळी पुढे, मग लावा. अधांतरी धरून लावायची कसली हौस करू नका. मॅगझीन बसलं की आवाज येतो, तेवढ्यावर थांबू नका, खाली धरून हलकं ओढून बघा. आलं हातात तर बसलं नव्हतं. तुमची रविवारची दोन शून्य या एका ओढण्यात वाचली असती.

आणि तुमच्या सरांचं बरोबर आहे. नियमात मॅगझीन नीट न बसवणं हे मान्य होणारं मालफंक्शन (बिघाड) नाही. सेफ्टी काढायला विसरणं, राउंड कमी भरणं, भरायलाच विसरणं, सगळं नेमबाजाच्या खात्यात जातं. खरं मालफंक्शन झालं तरी पिस्तुलाला हात न लावता, नळी पुढे ठेवून, मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याची वाट बघायची. तुम्ही आधी बोल्टला हात लावलात की खरंखुरं मालफंक्शनसुद्धा अमान्य होतं. हे कित्येक वर्षं खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं.

रॅपिड_मुलगी

काकांना +१०० 🙏

ताई मी १७ ची आहे, गंगापूर रोडला राहते, दोन वर्षं २५ मीटर करतेय. मला पण सेम प्रॉब्लेम होता. माझं काय होतं सांगते, पॉइंट टू टू च्या काडतुसाला मागे कड असते ना, ती रिम. मॅगझीनमध्ये भरताना वरच्या राउंडची रिम खालच्या राउंडच्या रिमच्या पुढे यायला पाहिजे. ती मागे राहिली की दोन रिम एकमेकींत अडकतात आणि राउंड वर सरकतच नाही, मग अर्धा चेंबरमध्ये अर्धा बाहेर. मी घाईत भरायचे आणि मग म्हणायचे पिस्तूल खराब आहे, काडतुसं खराब आहेत, सगळं खराब आहे. आमच्या मॅडमनी एक दिवस माझं भरलेलं मॅगझीन हातात घेऊन बाजूने उजेडात धरलं आणि म्हणाल्या बघ. तिसरा राउंड तिरका. दिसत होता चक्क.

आता मी असं करते : मॅगझीनचं बटण अंगठ्याने थोडंच खाली घेते, पूर्ण नाही, एका राउंडपुरती जागा. पूर्ण दाबलं की राउंड आत पडतात आणि वेडेवाकडे बसतात. एक राउंड ठेवला की परत थोडं. पाच झाले की मॅगझीनची मागची बाजू तळहातावर दोनदा हलकी आपटते, म्हणजे सगळे मागे जाऊन बसतात. मग बाजूने बघते. याला मला २० सेकंद लागतात आता, आधी ४०-४५ लागायचे आणि तरी चुकायचं.

आणि ठोकळा घ्या ताई! लाकडाचा, भोकं पाडलेला, पाच-पाचच्या रांगा. पूर्ण मॅचची काडतुसं आधीच त्यात लावून ठेवायची. एक सिरीज एक रांग. रांग रिकामी म्हणजे पाच भरले, मोजायचं टेन्शन गेलं. माझ्या बाबांनी पंचवटीतल्या सुतारकाकांकडून करून आणलाय.

द्राक्षबाग_पिंपळगाव

काका, किती नीट लिहिलंत. ते ओढून बघायचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी नेमाच्या नादात ऐकलं नसेल. आणि हो, मॅगझीन पुढेच आहे, आणि बोट चापावर जातंय हे आज कळलं, मुलाला मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावला एअर पिस्तूल धरून, तिथेही जातंय! छर्रा घालताना बोट गार्डच्या आत. दोन वर्षं हे चाललंय.

रॅपिड मुली, तू सांगितलेलं थोडं थोडं दाबायचं ते मला लगेच कळलं कारण आमच्या मणी विरळणीत तेच असतं, कात्री घडात घुसवली जोरात की शेजारचे मणी जातात, बोटाने आधी जागा करायची, मग कात्री. हे हाताला माहीत आहे. इथे हात का विसरतो?

इंदिरानगर_पालक

माझी मुलगी शूट करते. विषयाशी जोडूनच सांगते, हात. पॉइंट टू टू मध्ये उघडं शिसं असतं, ५०-६० राउंड बोटांनी भरले की बोटं काळपट होतात. रेंजवर डबा खाऊ नका, तोंडाला हात नको, निघायच्या आधी साबणाने स्वच्छ धुवा, आणि घरी मुलाला जवळ घ्यायच्या आधी कपडे बदला. एअरचे छर्रेही शिशाचेच. मुलं ते तोंडात धरतात कधीकधी, हातात जागा नसली की. मी दोन मुलांना रेंजवर तसं करताना थांबवलंय. कृपया सगळ्यांनी लक्ष ठेवा.

नवखा_सिडको

प्रश्न जरा वेगळा, रीलोडिंग म्हणजे काडतूस पुन्हा भरणं ना? म्हणजे रिकामी केस, नवीन दारू, नवीन शिशाची गोळी, परदेशात लोक गॅरेजमध्ये करतात असं पाहिलं. राउंड महाग आहेत, तर आपल्याकडे करता येईल का? कोणी करतं का नाशिकमध्ये?

खाकी_निवृत्त

नाही. आणि विचारलंत ते चांगलं केलंत, करून बसण्यापेक्षा. शस्त्र अधिनियम १९५९ खाली काडतूस तयार करणं म्हणजे दारूगोळा उत्पादन, त्याला परवाना लागतो आणि तो घरगुती हौसेसाठी नसतो. शिवाय पॉइंट टू टू मध्ये ते व्यवहारातही होत नाही, कारण त्याची टिकली वेगळी नसते, पेटणारा मसाला रिममध्येच पसरलेला असतो, पिन आपटली की रिम चेपते, ती केस संपली. या धाग्यात रीलोड म्हणजे फक्त पिस्तूल पुन्हा भरणं एवढंच धरू.

त्याच ओघात, क्लबचं मॅगझीन सरावाला म्हणून घरी नेऊ नका. कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. आणि रेंजच्या बॅगेचे कप्पे नीट तपासत जा. एक न फुटलेला राउंड कोपऱ्यात राहतो, तीच बॅग घेऊन माणूस ओझरच्या विमानतळावर जातो आणि स्कॅनरमध्ये सापडला की गुन्हा दाखल होतो, मग तुम्ही राष्ट्रीय खेळाडू असा की कोणी. रेंजची बॅग वेगळी, प्रवासाची वेगळी.

सातपूर_१०मी

काका, एअर पिस्तूल तर घरी चालतं ना?

खाकी_निवृत्त

४.५ मिलीमीटर म्हणजे पॉइंट १७७ आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. घरी ड्राय, म्हणजे छर्रा न घालता सराव करा, पण छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलीत, आणि समोर पक्की भिंत. गॅलरीत उभं राहून नाही. शेजाऱ्याला लांबून ते खरं पिस्तूलच दिसतं, आणि त्याचं चुकत नाही.

कॉलेजरोड_९मिमी

आर्मीवाल्या मामाकडून ऐकलंय की खरं स्किल म्हणजे न बघता दोन सेकंदात मॅगझीन बदलणं. स्पोर्टमध्ये ते का शिकवत नाहीत? काका तुम्ही शिकवायचात का?

खाकी_निवृत्त

शिकवायचो. सर्व्हिस पिस्तुलात मॅगझीन दस्त्यात असतं. शेवटचा राउंड गेला की स्लाइड मागे अडकते, तो इशारा. पिस्तूल छातीपाशी पण डोळ्यांच्या रेषेत आणायचं, नळी धोक्याकडेच, बोट बाहेर, अंगठ्याने कॅच दाबून रिकामं मॅगझीन खाली पडू द्यायचं, त्याच वेळी डावा हात पट्ट्यावरच्या नव्या मॅगझीनवर. ते असं धरायचं की तर्जनी मॅगझीनच्या पुढच्या बाजूने वर, टोक पहिल्या गोळीच्या नाकाजवळ. बोट जिकडे दाखवतं तिकडे मॅगझीन जातं, अंधारातसुद्धा. मॅगझीनची मागची सपाट बाजू विहिरीच्या (दस्त्यातली मॅगझीनची पोकळी) मागच्या सपाट बाजूला टेकवायची, मग तळव्याने वर, मग स्लाइड सोडायची. जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरला वेगळं, तिथे सिलिंडर बाहेर काढून नळी पूर्ण आभाळाकडे करायची आणि एजेक्टर रॉड एकाच दमात तळव्याने. नळी अर्धवट वर केली की एखादी केस एक्स्ट्रॅक्टरच्या खाली घसरते आणि मग सिलिंडर बंदच होत नाही. भरताना उलट, नळी जमिनीकडे, म्हणजे राउंड आपल्या वजनाने आत पडतात.

पण तुम्ही ज्याला स्किल म्हणताय ते आम्ही पहिले कित्येक दिवस डमी राउंडवर आणि मोजून सावकाश करून घ्यायचो. घड्याळ नंतर. जो पहिल्या दिवशी वेग दाखवायचा त्याचं बोट हमखास चापावर असायचं. आणि ताईंच्या खेळात तो वेग लागतच नाही. त्यांना एक मिनिट मिळतो. एक मिनिट फार मोठा असतो हो.

जुना_नाशिककर

शेवटचं वाक्य वाचून बाम सर आठवले. नाशिकमध्ये नेमबाजीचा विषय निघाला आणि भीष्मराज बामांचं नाव नाही असं होत नाही, तेही पोलिसातलेच, आणि योगाच्या अंगाने एकाग्रता शिकवायचे. २०१७ ला गेले, पण इथल्या जुन्या नेमबाजांच्या बोलण्यात अजून आहेत. ताई, भरणं हा नेमाच्या आधीचा वेळ समजू नका, तिथूनच तुमची गोळी सुरू होते. मी माझं असं बसवलं होतं : "लोड" ऐकलं की एक श्वास पूर्ण सोडायचा, मग मॅगझीनला हात. लावलं, ओढून बघितलं, बोल्ट सोडला, पुन्हा एक श्वास. एवढं झालं तरी मिनिटातले ३०-३५ सेकंद उरायचे. ते सेकंद उभं राहण्यासाठी.

आणि सामान दगा देतं तेव्हा काय, त्यासाठी मनू भाकर बघा. टोकियोला पात्रता फेरीत मध्येच पिस्तूल बिघडलं, वेळ गेला, ५७५ वर थांबली आणि फायनल दोन गुणांनी गेली. तीच मुलगी पॅरिसला २०२४ मध्ये दोन कांस्य घेऊन आली. तुमची दोन शून्य सराव मॅचची आहेत.

रॅपिड_मुलगी

अजून एक विसरले ताई. "खट्" झालं आणि सरावात असलात तरी लगेच बोल्ट ओढायचा नाही हं. नळी टार्गेटकडे ठेवून ३० सेकंद थांबायचं, कधीकधी राउंड उशिरा पेटतो. आणि आवाज नेहमीसारखा न येता फुस्स आला तर पुढचा राउंड मारायचाच नाही, आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते. सरांना हाक मारायची.

द्राक्षबाग_पिंपळगाव (तीन आठवड्यांनी)

मंडळी, सांगायला आलेय. मध्ये पाऊस येऊन गेला, बागेत डावणी रोगाची फवारणी अंगावर आली म्हणून रेंज आठवड्यातून एकदाच झाली.

सरांना हा धागा दाखवला. त्यांनी त्या दिवशी मला एकही गोळी मारू दिली नाही. डमी राउंड दिले, क्लबकडे आहेत लाल प्लास्टिकचे, आणि दीड तास फक्त भर, लाव, ओढून बघ, बोल्ट सोड, मॅगझीन काढ, बोल्ट मागे, चेंबर बघ, फ्लॅग लाव. फ्लॅग म्हणजे ती केशरी दोरीसारखी पट्टी, चेंबरमधून नळीत जाते, लांबून कोणालाही दिसतं की पिस्तूल रिकामं आहे. पहिली वीस वेळा मी क्रम तोंडाने म्हणत होते. मग तोंड थांबलं, हात चालू राहिला. साधारण चाळीसाव्या वेळी सरांनी मुद्दाम मागून "चला चला वेळ संपला" असं ओरडून बघितलं आणि माझं बोट गेलं चापाकडे. गेलं! सरांनी काही न बोलता पुन्हा शून्यापासून मोजायला लावलं.

आता थंडीची नवीन अडचण. निफाडची थंडी माहीतच आहे, सकाळी साडेसातला रेंजवर बोटं लाकूड होतात, राउंड हातात आहे की नाही ते कळत नाही. एक पडला खाली परवा. वाकून उचलणार होते, सर म्हणाले राहू दे, पिस्तूल भरलेलं असताना वाकायचं नाही, दुसरा घे. यावर काही उपाय?

इंदिरानगर_पालक

मुलगी खिशात उकडलेले अंडे ठेवते, कागदात गुंडाळून 😊 खरंच. दोन सिरीजच्या मध्ये हात खिशात. हातमोज्यांची बोटं कापून पण घालतात, पण काढून भरायचं.

खाकी_निवृत्त

ताई, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. गोळी न मारू देणारा सर मिळायला नशीब लागतं.

पडलेल्या राउंडबद्दल : मॅच संपल्यावर उचला, पण तो पुन्हा वापरू नका. माती लागते, कड चेपते. वेगळ्या डबीत टाका आणि रेंजला परत द्या, नोंदीसकट. राउंडचा हिशेब जुळलाच पाहिजे, आलेले, मारलेले, न फुटलेले. शस्त्रागारात मी एका राउंडसाठी रात्री अकरापर्यंत माणसं थांबवलेली आहेत आणि तो सापडला होता, एकाच्या बुटाच्या दुमडीत.

द्राक्षबाग_पिंपळगाव

अंड्याची आयडिया आजच मुलाला सांगितली, तो म्हणे एक मला पण.

कालची मॅच लिहिते आणि थांबते, पहाटे मजूर येणार आहेत. रॅपिड स्टेज, सहा सिरीज. ठोकळा आलाय, सागाचा, आमच्याच गावच्या सुताराने केला, सहा गुणिले पाच भोकं. "लोड" झालं. श्वास सोडला. पाच भरले, तळहातावर दोनदा टेकवलं, बाजूने उजेडात धरलं, सरळ होते सगळे. लावलं, टक् झालं. ओढलं. नाही आलं. बोल्ट सोडला, पिस्तूल बाकावर टेकलेलंच, बोट फ्रेमवर, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तर अजून २५ सेकंद होते. तेवढ्यात शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या श्वासाचा आवाज ऐकू आला मला, इतकी शांतता होती.

चौथ्या सिरीजला दुसरी गोळी "खट्" झाली. राउंड फुटलाच नव्हता. हात खाली आणला, नळी पुढे, कशाला म्हणून हात लावला नाही, डावा हात वर केला आणि उभी राहिले. सर आले, वेळ मोजली, मॅगझीन काढलं, बोल्ट मागे घेतला, राउंड उचलून रिमवरचा पिनचा खड्डा मला दाखवला, चांगला खोल होता, आणि वहीत लिहिलं : मान्य. ती सिरीज पूर्ण करायला मिळाली.

रिम चेपलेला तो राउंड सरांनी काकांच्या पद्धतीने वेगळ्या डबीत टाकला आणि नोंद केली.